रुळांपासून दोन गल्ल्यांवर १९०६ सालचं घर: घ्यावं का?

वाचकाचं पत्र

आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी, वर्षभरापूर्वी पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या शहरात आलो. इथल्या जुन्या रेल्वेवस्तीतलं १९०६ साली बांधलेलं विटांचं दुमजली घर आम्हाला फार आवडलं आहे. एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, मागे छोटी बाग, रूळ दोन गल्ल्या सोडून आणि त्याच रस्त्यावर फाटक. आमची ऑफर मान्य झाली आहे, इन्स्पेक्शनच्या, म्हणजे घर तपासून व्यवहार सोडता येण्याच्या, मुदतीचे बारा दिवस उरलेत. नवरा म्हणतो, रात्री झोप लागणार नाही आणि मालगाड्यांच्या हादऱ्यांनी भिंतींना तडे जातील. एजंट सांगते, जुन्या लाकडी खिडक्या काढून व्हिनाइलच्या बसवा, आवाज बंद होईल. पण ही वस्ती ‘हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट’ आहे, त्यामुळे परवानगी लागेल असंही ऐकलं. मला मागे मेथी-कोथिंबीर लावायची आहे. शिवाय सासूबाई उन्हाळ्यात तीन महिने येणार, त्यांची झोप सावध आहे. घर घ्यावं की सोडावं?

— एक वाचक

उत्तर

ताई, तुमच्या यादीत गाडीचा आवाज आणि हादरे सगळ्यात वर आहेत. आम्ही ती यादी उलटी करू. हादऱ्यांची भीती जवळजवळ सोडून द्या. आवाज त्रासदायक असतो, पण तो मोजता येतो आणि बराचसा कमीही करता येतो. घर घ्यायचं की नाही हे जुना रंग, मागची माती, पाण्याची नळी आणि विटांमध्ये कुणी भरलेलं सिमेंट यांवर ठरायला हवं. यातलं काहीच घर बघायला गेल्यावर कानावर पडत नाही, म्हणून लोक विचारत नाहीत.

बारा दिवस हातात आहेत, म्हणून वेळखाऊ गोष्टी आजच सुरू करा. जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची चाचणी किमान ४८ तास चालते आणि तिच्या आधी १२ तास दारं-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. निकाल ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा जास्त आला, तर रेडॉन बाहेर टाकणारा पंखा आणि पाइप बसवून द्या असं विकणाऱ्याला सांगता येतं. पेन्सिल्व्हेनियात असे आकडे येणं नवलाचं नाही, त्यावरून घर सोडू नका. सांडपाण्याच्या नळीत कॅमेरा घालणारा माणूस याच आठवड्यात बोलवा. १९०६ च्या घराची नळी बहुधा भाजलेल्या मातीच्या तुकड्यांची असेल. रस्त्याकडेला मोठं झाड असेल, तर तुकड्यांच्या सांध्यांतून त्याची मुळं आत शिरलेली असतात. नेहमीच्या होम इन्स्पेक्शनमध्ये ही नळी बघत नाहीत, वेगळं सांगावं लागतं. शिशाच्या रंगाची तपासणीही स्वतंत्र करून घ्या. १९७८ च्या आधीच्या घरासाठी खरेदीदाराला त्या तपासणीसाठी दहा दिवस मिळतात, तो केंद्राचा कायदा आहे. एजंटने ‘तो हक्क सोडला’ या रकान्यात तुमची सही आधीच घेतली नाही ना, तेवढं करारात बघा.

आवाज

आधी तो कुठून येतो ते वेगळं करा. भोंगा, चाकांचा खडखडाट आणि उभ्या इंजिनाची घरघर हे तीन निरनिराळे आवाज आहेत आणि तिन्हींवर उपाय वेगळे.

भोंगा ड्रायव्हरच्या मर्जीवर नसतो. फाटकावर पोचायच्या १५ ते २० सेकंद आधीपासून दोन लांब, एक आखूड, एक लांब असा तो वाजवायचा, इंजिन रस्त्यावर येईपर्यंत वाजवत राहायचा, असा केंद्राचा नियम आहे. इंजिनाच्या पुढे १०० फुटांवर तो किमान ९६ आणि कमाल ११० डेसिबल असावा लागतो. पहाटे तीनलाही तोच नियम, त्यामुळे रेल्वेकडे तक्रार करून काही होत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनी उतरतो, मधल्या घरांच्या रांगा आणखी थोडा खातात. म्हणूनच दोन गल्ल्या आत असणं आणि रुळांना लागून असणं यांत मोठा फरक पडतो.

फाटकाच्या खांबावर छोटी निळी पाटी असते. तिच्यावर आणीबाणीचा फोन नंबर असतो आणि सहा आकडे व एक अक्षर असा त्या फाटकाचा क्रमांक. पाटीचा फोटो काढून ठेवा. तो क्रमांक फेडरल रेलरोड अॅडमिनिस्ट्रेशनच्या क्रॉसिंगच्या नोंदवहीत शोधला, की सकाळी सहा ते संध्याकाळी सहा किती गाड्या जातात, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा किती, शंटिंगच्या किती आणि वेगमर्यादा काय, हे सगळं मिळतं. नोंद शेवटची कधी सुधारली ती तारीख मात्र बघा, काही नोंदी बऱ्याच शिळ्या असतात.

आकडे मिळाले तरी कानाने ऐकायला जायचंच. एजंट घर दुपारी दाखवते. तुम्ही रात्री अकरा ते एक आणि पहाटे पाचच्या सुमाराला जा, एकदा कामाच्या दिवशी, एकदा शनिवारी. विकणारे परवानगी देत असतील तर वरच्या बेडरूममध्ये खिडक्या बंद करून बसा, नाहीतर गाडी घरासमोर लावून बसा. आयफोनवर नायॉश या सरकारी संस्थेचं आवाज मोजायचं अॅप फुकट मिळतं. एका गाडीचा सगळ्यात मोठा आकडा आणि गाडी किती वेळ चालली हे दोन्ही लिहून ठेवा. वारा रुळांकडून घराकडे असेल त्या रात्रीचं ऐकणं खरं धरा.

तुमच्या गावात ‘क्वाएट झोन’ आहे का, किंवा अर्ज चालू आहे का, हे नगरपालिकेत विचारा. असा पट्टा जाहीर झाला की त्यात भोंगा नेहमीसारखा वाजवला जात नाही. पण तो मागायचा अधिकार शहर, काउंटी अशा सार्वजनिक संस्थेलाच आहे, रहिवाशांना किंवा रेल्वेला नाही. पट्टा किमान अर्धा मैल लांब हवा आणि त्यातल्या प्रत्येक सार्वजनिक फाटकाला दिवे आणि आडवे दांडे हवेत. बहुतेकदा त्याशिवाय चार दांड्यांचं फाटक, रस्त्याच्या मधोमध दुभाजक किंवा एखादा रस्ताच बंद करणं, असं काहीतरी करावं लागतं. खर्च गावाचा, म्हणून वर्षानुवर्षं लांबतं. ‘लवकरच होणार आहे’ या शब्दावर घराची किंमत मोजू नका. शिवाय रुळांवर माणूस किंवा गाडी दिसली, तर क्वाएट झोनमध्येही भोंगा वाजतोच.

घरघर हा सगळ्यात चिवट आवाज. यार्डात इंजिन तासन्‌तास चालू ठेवून उभं राहत असेल, तर त्याचा खालच्या पट्टीतला आवाज काचेतून, भिंतीतून, अगदी छपरातून येतो, आणि क्वाएट झोनने त्याला काही फरक पडत नाही. त्यामुळे फाटक किती जवळ आहे यापेक्षा आसपास यार्ड किंवा गाड्या थांबवायची बाजूची लाइन आहे का, हे नकाशावर बघणं जास्त महत्त्वाचं. घर सोडायला लावणारा आवाज कुठला असेल तर हा.

खिडक्या

एजंटचा सल्ला ऐकू नका. नव्या व्हिनाइल खिडकीत सारख्या जाडीच्या दोन काचा अर्ध्या इंचाच्या आसपासच्या फटीने शेजारी शेजारी असतात. ती थंडी अडवते, मालगाडीचा आवाज फार अडवत नाही. आवाजासाठी दोन काचांत मोठं अंतर लागतं: दोन इंच तरी, चार मिळाले तर उत्तम. ते तुमच्या जुन्या खिडकीला दुसरी काच जोडून मिळतं, खिडकी काढून नाही. १९०६ चं लाकूड जुन्या जंगलातलं, दाट रेषांचं असतं. नीट दुरुस्त केलेली ती चौकट नव्या खिडकीपेक्षा जास्त टिकते, आणि ती एकदा कचऱ्यात गेली की परत येत नाही.

काम या क्रमाने करा. आधी फटी. आवाज हवेबरोबर येतो, त्यामुळे बोटभर फट उघडी ठेवून महागडी काच लावण्यात अर्थ नाही. काचेच्या कडेची सुटलेली लांबी (पुट्टी) खरवडून नवी भरा, वरची-खालची झडप एकमेकींना घट्ट ओढणारी कडी दुरुस्त करा, सरकत्या कडांना पितळी किंवा सिलिकॉनची पट्टी लावा. झडपेच्या दोरीला लटकणारी वजनं ज्या पोकळीत असतात, तिच्या झाकणाच्या कडाही बंद करा. अनेक घरांत एवढ्यानेच फरक कळतो, कारण गाडी जाताना जो खुळखुळाट ऐकू येतो तो पुष्कळदा सुट्या काचेचाच असतो.

मग आतल्या बाजूने जादा काच, म्हणजे इंटिरियर स्टॉर्म विंडो. रुळांकडच्या बेडरूमला पाव इंचाची लॅमिनेटेड काच घ्या, बाकी खोल्यांना अॅक्रिलिक चालेल. माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या, उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि दोन्ही कर्णही मोजा. शंभर वर्षांत घर थोडं बसतं आणि चौकट काटकोनात राहत नाही. एकच माप दिलं तर काच एका कोपऱ्यात अडकते आणि समोरच्या कोपऱ्यात फट राहते.

इथे एक चूक हमखास होते. बाहेरून आधीच अॅल्युमिनियमची स्टॉर्म विंडो असेल, तर उत्साही माणूस तिच्या चारी बाजूंना कॉकिंग, म्हणजे फटी बुजवायचा चिकट माल, मारतो. खालच्या कडेला दोन बारीक भोकं असतात, तीही बुजवतो. घरातली दमट हवा आतल्या काचेच्या फटीतून मधल्या पोकळीत जाते, थंड काचेवर पाणी धरते, ते खाली उतरतं आणि त्याला वाट नसल्यामुळे खालची लाकडी पट्टी दोन-तीन हिवाळ्यांत कुजते. आतली काच घट्ट, बाहेरची किंचित श्वास घेणारी, हा नियम उलटा करू नका. हिवाळ्यात सकाळी ओल कुठे दिसते ते बघा. आतल्या काचेवर घरातल्या बाजूने असेल तर घरात दमटपणा जास्त आहे. बाहेरच्या काचेवर आतून असेल तर आतली काच गळते आहे.

हादरे आणि तडे

फेडरल ट्रान्झिट अॅडमिनिस्ट्रेशनच्या मार्गदर्शनात सगळ्यात नाजूक इमारतींसाठी कंपनाची मर्यादा सेकंदाला ०.१२ इंच आणि साध्या लाकडी-विटांच्या बांधकामासाठी ०.२ इंच धरली आहे. माणसाला कंपन याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असताना जाणवायला लागतं. म्हणजे कपाटातल्या कपबश्या वाजल्या, पलंग किंचित थरथरला, तरी भिंत धोक्याच्या जवळपासही नसते. दोन गल्ल्यांवर तर नाहीच.

मग भिंतीतले तडे कशाचे? बहुतेक वेळा पाण्याचे. छपराची पन्हळ फुटलेली, तिचा उभा पाइप पायाशीच पाणी सोडतोय, तिथली माती भिजून खचते आणि विटांमध्ये पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारा तडा पडतो. पावसात घराभोवती एक फेरी मारा, अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मिळतील. केसासारख्या बारीक रेषा गिलाव्यात असतात, त्यांचं काही मनावर घेऊ नका. पायऱ्यांचा तडा, एका टोकाला रुंद होत जाणारा तडा, किंवा ज्याच्या दोन कडा एका पातळीत नाहीत असा तडा दिसला, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. घर घेतल्यावर तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख लिहून ठेवा. वर्षभरात तो रेघ ओलांडून गेला नाही, तर तो जुना आणि शांत झालेला तडा आहे.

छताच्या गिलाव्याकडे मात्र गाडीमुळे लक्ष द्यायला हवं. त्या काळचा गिलावा लाकडी पट्ट्यांवर थापलेला असतो आणि पट्ट्यांमधल्या फटींतून पलीकडे गेलेल्या गाठींवर टांगलेला असतो. गाठी आधीच तुटलेल्या असतील, तर हादऱ्याने तुकडा सुटू शकतो. तळहाताने छत हलकेच दाबून बघा. दबून परत येत असेल तर तिथे प्लास्टर वॉशर म्हणजे भोकांच्या पातळ चकत्या वीतभर अंतरावर स्क्रूने पट्टीत ओढून घेता येतात, वरून पातळ लेप. सगळं छत पाडून जिप्समचे पत्रे ठोका असं सांगणारे कॉन्ट्रॅक्टर पुष्कळ भेटतील. त्यातून उडणाऱ्या धुळीत काय काय असतं ते पुढे आहेच.

विटा

समोरच्या भिंतीपाशी जाऊन दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, नीट बघा. १९०६ च्या विटा मऊ, आणि मूळची दरज चुन्याची. चुना विटेपेक्षा मऊ असतो, भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडते, झीजही दरजेची होते. कुणी मधल्या काळात पोर्टलंड सिमेंटचा कडक माल भरला असेल, तर ओल विटेतून वाट काढते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचा पुढचा पापुद्रा उडतो. करड्या, उठून दिसणाऱ्या दरजा आणि आजूबाजूला तोंड उडालेल्या विटा एकत्र दिसल्या, की निदान झालं. थोड्या जागी असेल तर दुरुस्त होतं. अख्ख्या दर्शनी भिंतीला असेल तर किंमत कमी करून मागा.

दुरुस्ती सांगताना गवंड्याला नेमकं सांगा: टाइप ओ चा माल, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू, किंवा विटा फारच मऊ असतील तर नुसत्या चुन्याचा. टाइप एस किंवा एम नको, ते जास्त कडक. जुनी दरज तिच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल काढायची. उभ्या दरजांत ग्राइंडर घालू देऊ नका, विटांच्या कडा कापल्या जातात. कोळशाच्या इंजिनांच्या काळातली काजळी विटांवर असेल, तर ती कमी दाबाच्या पाण्याने आणि सौम्य साबणाने जेवढी निघेल तेवढी. वाळूचा मारा केला की भाजलेला कडक थर जातो आणि वीट पाणी प्यायला लागते. त्यावर मग वॉटरप्रूफ लेप विकायला कुणीतरी येतोच. तोही नको.

माती, रंग, पाणी: मुलगी चार वर्षांची आहे म्हणून

रेल्वेच्या आजूबाजूच्या जमिनीत कोळशाची राख भर म्हणून टाकलेली असते, रुळांलगत गवत मारायला पूर्वी आर्सेनिकची औषधं फवारत, आणि स्लीपरना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून लावायचं डांबरी तेल, पाजलेलं असतं. त्यात घराच्या बाहेरचा शिशाचा रंग शंभर वर्षं भिंतीच्या पायाशी गळून पडलेला. मागच्या बागेत फावडं मारून बघा: वीतभर खाली काळी, खरखरीत, हलकी खडी लागली तर ती राखेची भर आहे.

मातीचे तीन वेगळे नमुने घ्या: घराच्या भिंतीलगत, अंगणाच्या मध्यावर आणि मागच्या कुंपणापाशी. प्रत्येक जागी दहा-बारा ठिकाणची माती एकत्र करून वाळवायची आणि त्यातली कपभर पाठवायची. मुलगी जिथे खेळणार तिथली वरच्या इंचभराची, भाजी लावणार तिथली सहा ते आठ इंचांपर्यंतची. पेन स्टेट विद्यापीठाची प्रयोगशाळा शिशाची आणि इतर धातूंची चाचणी करते. कुठली चाचणी ते नाव घेऊन सांगावं लागतं, बागेच्या साध्या चाचणीत शिसं नसतं. निकाल तुमच्या मुदतीत येईलच असं नाही, तरी आज पाठवा. पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, घराच्या मातीतल्या शिशाची तपासणी-पातळी २०२४ च्या जानेवारीत ४०० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ४०० भाग) २०० वर आणली. जुने कागद ४०० म्हणत असतील तर फसू नका.

मेथी-कोथिंबीर लावाच, पण उंच वाफ्यात. दहा-बारा इंच उंच पेटी, तळाला कापड, बाहेरून आणलेली स्वच्छ माती, आणि भिंतीपासून दूर. पालेभाजीत शिसं मुळातून जितकं येतं त्याहून जास्त पानांवर उडालेल्या धुळीतून येतं, म्हणून वाफ्याभोवतीची उघडी माती लाकडाच्या भुशाने झाका आणि जुडी तीनदा धुवा. वाफ्याच्या कडेला जुने रेल्वे स्लीपर लावायचा मोह या वस्तीत सगळ्यांना होतो, फुकट मिळतात आणि दिसतातही छान. क्रिओसोटवालं लाकूड घरगुती वापरासाठी नाहीच, भाजीशेजारी तर मुळीच नको. चपला दाराबाहेर काढायची आपली सवय मात्र इथे औषधासारखी कामी येते, ती पाहुण्यांनाही लावा.

रंगाचं म्हणाल तर भिंतीपेक्षा खिडक्या वाईट. झडप वर-खाली करताना जुना रंग घासून भुकटी होते आणि ती खालच्या पट्टीवर साठते, नेमकी मुलाच्या हाताच्या उंचीवर. पगारी कॉन्ट्रॅक्टरने १९७८ च्या आधीच्या घरात एका खोलीत सहा चौरस फुटांपेक्षा जास्त किंवा बाहेर वीस चौरस फुटांपेक्षा जास्त रंग हलवला, तर त्याच्याकडे ईपीएचं शिशासाठीचं प्रमाणपत्र लागतं. खिडकी बदलणं कितीही छोटं असलं तरी या नियमात येतं. प्रमाणपत्राची प्रत मागा. स्वतः काम केलंत तर कायदा अडवत नाही, धूळ मात्र तीच. कोरडं घासायचं नाही, पाण्याचा फवारा मारून खरवडायचं, हेपा फिल्टरचाच व्हॅक्यूम, आणि काम चालू असताना मुलगी त्या मजल्यावर नाही. राहायला जाण्यापूर्वी आणि कोणतंही काम झाल्यावर तिच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. सीडीसी या केंद्राच्या आरोग्य संस्थेने लक्ष द्यायची पातळी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ठेवली आहे.

तळघरात पाण्याची नळी भिंतीतून आत येते तिथे नाण्याने हलकेच खरवडा. तांबूस चमकली तर तांबं. रुपेरी, मऊ आणि चुंबक चिकटत नसेल तर शिसं. चुंबक चिकटला तर गॅल्व्हनाइज्ड लोखंड, आणि तेही आतून गंजून अरुंद झालेलं असणार. पाणीपुरवठा करणाऱ्यांना १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत प्रत्येक घराच्या नळीची यादी करावी लागली आहे, त्यात हा पत्ता बघा. शिशाची निघाली तर नळी बदलेपर्यंत ‘एनएसएफ ५३, शिशासाठी’ असं लिहिलेला फिल्टर. पाणी उकळून शिसं जात नाही.

परवानगी

‘हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट’ दोन प्रकारचे असतात आणि लोक ते सर्रास एकत्र करतात. नुसतं नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे केंद्राच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत, नाव असेल, तर स्वतःच्या पैशाने स्वतःच्या घराला काहीही करायला त्या नोंदीची आडकाठी नाही. गावाचा स्वतःचा अध्यादेश असेल तर आहे. पेन्सिल्व्हेनियात तो १९६१ च्या १६७ क्रमांकाच्या कायद्याखाली होतो, हार्ब नावाचं मंडळ अर्ज बघून शिफारस करतं आणि दाखला नगर परिषद देते. त्यांना सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या बाह्य भागाशीच काम असतं. आतल्या बाजूची स्टॉर्म विंडो, स्वयंपाकघर, बाथरूम यांत ते येत नाहीत. अर्जाबरोबर सध्याचे फोटो, मापं आणि सामानाचा नमुना द्या, आणि बैठकांच्या तारखा आधी विचारून कॉन्ट्रॅक्टर ठरवा. न विचारता दर्शनी खिडक्या बदलल्या तर त्या काढायला लावू शकतात. जुन्या मालकाने परवानगीविना केलेलं काम तुमच्या गळ्यात पडू नये, म्हणून या पत्त्यावर काही नोटीस आहे का हे खरेदीपूर्वी गावाच्या कोड ऑफिसात (बांधकामाचे नियम बघणारं कार्यालय) विचारा.

जुन्या इमारतींसाठी २० टक्के करसवलत मिळते असं कुणी सांगेल. केंद्राची ती सवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींसाठी आहे, स्वतः राहायच्या घरासाठी नाही.

उरलेलं थोडक्यात. जुनी चिनी मातीच्या खुंट्यांवरची वायरिंग चालू असेल तर विमा कंपनीला आत्ताच विचारा, सही झाल्यावर नाही. मागची हद्द रेल्वेच्या जमिनीला लागत असेल तर सर्व्हे करून घ्या, कारण त्यांची हद्द पुष्कळदा कुंपणाच्या अलीकडे असते. मालगाडी फाटकावर उभी राहिली तर किती वेळ रस्ता अडवायचा यावर केंद्राचा नियम नाही, म्हणून पूल किंवा बोगद्यातून जाणारा दुसरा रस्ता कुठे आहे आणि रुग्णवाहिका रुळांच्या कुठल्या बाजूने येते हे बघून ठेवा. काउंटीच्या आणीबाणीच्या मेसेजसाठी नाव नोंदवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनला गाडी घसरली तेव्हा आसपासच्या लोकांना घरं रिकामी करावी लागली होती. असं क्वचित घडतं, पण त्या रात्री कुठे जायचं हे आधीच ठरलेलं असावं.

घर सोडायचं कधी? रात्री बेडरूममध्ये उभ्या इंजिनाची घरघर बंद खिडकीतूनही येत असेल. इंजिनिअरने पाया हलतोय असं सांगितलं. किंवा शिशाचा आणि मातीचा खर्च काढल्यावर विकणारा किंमत कमी करायला तयार नसेल. यांतलं काही नसेल तर आमच्या मते घ्या.

सासूबाईंना वरची खोली देऊ नका, आवाजापेक्षाही जिन्यासाठी. या घरांचे जिने उभे, पायऱ्या अरुंद, कठडा एकाच बाजूला. खालची मागची खोली त्यांची करा, तिच्या आणि रुळांच्या मध्ये अख्खं घर येतं. तिच्या एका खिडकीला लॅमिनेटेड काच त्या यायच्या आधी बसवून घ्या, आणि जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा.